डाव्या बाजूचा थर

गाब्रोव्होत नदीच्या एका काठाला त्रिफोनचं वर्कशॉप आहे आणि दुसऱ्या काठाला मिंचोचं. मधे पूल. गाडीनं दोन मिनिटं, पायी सात. अकरा वर्षं त्या पुलावरून या दोघांचं सामान आणि निरोप घेऊन जाणारी मी एकटीच होते.

त्रिफोनकडे प्लाझ्मा गन आहे. एखादा शाफ्ट किंवा रोलर झिजून आला की तो फेकून न देता त्याच्यावर नवा थर चढवायचा, हे त्याचं काम. गनच्या तोंडाशी विजेची कमान पेटते, त्यातून गॅस जातो आणि इतका तापतो की त्याच्यापुढे लोखंड म्हणजे लोणी. त्या झोतात बारीक भुकटी सोडली की ती वितळते आणि थेंबाथेंबानं समोरच्या धातूवर आपटून बसते. असे थरावर थर. मिंचोकडे लेथ आणि ग्राइंडिंग मशीन. झिजलेला भाग आधी तो कापून खोल करून देतो, त्रिफोन त्या खाचेत थर भरतो, मग पुन्हा मिंचो तो घासून बरोबर मापात आणतो. म्हणजे वस्तू मिंचोकडून त्रिफोनकडे, त्रिफोनकडून मिंचोकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं काम पुरं होत नाही.

आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी नेव्याना. त्रिफोनकडे नोकरीला आहे. थर चढवायच्या आधी धातूवर कडक खड्यांचा मारा करून तो खरखरीत करायचा असतो, ते ब्लास्टिंग माझं. जिथं थर नको तिथं टेप लावणं माझं. व्हॅन चालवणंही माझंच.

"त्याला सांग," त्रिफोन म्हणायचा, "खाचेचा कोपरा गोल ठेव. काटकोनी ठेवलास तर थर तिथून उचलणारच."

मी पुलापलीकडे जाऊन सांगायचे. मिंचो चष्मा कपाळावर सरकवायचा.

"त्याला सांग, त्याच्या लग्नाच्या आधीपासून मी कोपरे गोल करतोय. आणि हेही सांग, की त्या लग्नासाठी मी सासऱ्यांकडे त्याची शिफारस केली नसती तर बरं झालं असतं."

हे दुसरं मी सांगायचे नाही. अकरा वर्षांत एवढी अक्कल मला आली होती.

दोघं साडू. मिंचोची बायको थोरली, त्रिफोनची धाकटी. बहिणी दर शनिवारी बाजारात भेटून कॉफी घ्यायच्या आणि घरी जाऊन त्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. नवऱ्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे बायकांनाही माहीत होतं. असं ते सगळं चाललं होतं.

पूर्वी दोघांचं वर्कशॉप एकच होतं. बिनसलं ते मिंचोच्या मुलीच्या, कालिनाच्या लग्नात. त्रिफोन त्या लग्नात कूम होता. आमच्याकडे कूम म्हणजे नवरानवरीच्या शेजारी उभा राहणारा साक्षीदार, पुढे जन्मभराचा वडीलधारा. त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. सकाळी अकराला नगरभवनात सगळे जमले, आणि कूमचा पत्ता नाही. त्रिफोन पहाटेपासून गिरणीच्या एका रोलरवर थर चढवत बसला होता. दोन तासांत होईल म्हणाला होता. भुकटीची नळी तुंबली, मग पुन्हा तुंबली. मधेच सोडता येत नाही, थर थंड होतो. दुपारी दीडला तो आला तेव्हा कानात काजळी, अंगात कामाचे कपडे, आणि कूमच्या जागी नवऱ्याच्या एका मित्रानं सही करून झालेली. कालिना रडून रडून थकली होती. मिंचो एवढंच म्हणाला, "रोलरला कोणी वाली नसेल, म्हणून तू थांबलास." दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपली मशीनं पलीकडच्या काठाला हलवली.

तर हे असं. आता त्या शाफ्टची गोष्ट.

वर डोंगरात गोर्ना-बुका नावाचं गाव आहे. त्याला पाणी खालच्या पंपघरातून चढवतात. तिथल्या मोठ्या पंपाचा शाफ्ट जानेवारीत आमच्याकडे आला. माणसाच्या उंचीहून थोडा लांब, पन्नास किलोचा. पंपाच्या दोन्ही अंगांना जिथं पाणी अडवणारी पॅकिंगची दोरी शाफ्टला घासते, तिथं दोन पट्टे झिजले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. नेहमीचं काम. मिंचोनं खाच पाडली, मी ब्लास्टिंग केलं, त्रिफोननं थर चढवला, मिंचोनं घासला. चौथ्या दिवशी शाफ्ट पंपात गेला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. डाव्या पट्ट्यावरचा थर अंड्याच्या टरफलासारखा सुटला होता. उजवा जसाच्या तसा, आरशासारखा.

"ग्राइंडिंग डावीकडून सुरू करतो तो," त्रिफोन म्हणाला. "पहिल्याच धक्क्याला जोर लावत असणार. चाक तापलं की थर तडकतो. जा, सांग त्याला."

मी सांगितलं.

"गन डावीकडून सुरू करतो तो," मिंचो म्हणाला. "शाफ्ट तेव्हा थंड असतो. थंड लोखंडाला काय चिकटणार, त्याचं कपाळ? सांग जा."

मी सांगितलं. कपाळ वगळून.

पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी त्रिफोननं शाफ्ट आधी जास्त वेळ तापवला, मिंचोनं घासताना पाण्याचा झोत दुप्पट केला. कोणी कोणाला तसं कळवलं नाही. मला दिसलं म्हणून माहीत. मार्चमध्ये शाफ्ट पंपात गेला आणि सहाव्या दिवशी डावा पट्टा पुन्हा सुटला.

आता पाणीपुरवठ्याची इंजिनिअर यास्ना स्वतः आली. चाळिशीची बाई, सहा पंपघरं सांभाळते, बुटांना कायम चिखल. ती आवाज चढवत नाही. त्यामुळे जास्त भीती वाटते. आधी मिंचोकडे गेली, मग आमच्याकडे. दोन्हीकडे जे ऐकायला मिळायचं तेच मिळालं.

"त्रिफोनदादा," ती म्हणाली, "तुमच्या घरातलं मला काही कळून घ्यायचं नाही. वर दोनशे घरं आहेत. जोडीचा पंप एकटाच धापा टाकतोय आणि लोकांना दिवसाआड पाणी मिळतंय. मंगळवारी सकाळी दोघंही पंपघरात या. शाफ्ट घेऊन. निघालेले तुकडेही आणा, मी डब्यात भरून ठेवलेत. माझ्यासमोर ठरवा."

"तो आला तर मी येत नाही."

"तोही हेच म्हणाला," यास्ना म्हणाली. "म्हणजे एका गोष्टीवर तरी तुमचं एकमत आहे. मंगळवार, नऊ वाजता."

मिंचोची गाडी गॅरेजमध्ये होती. त्रिफोनला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही. उरली माझी व्हॅन.

मंगळवारी त्रिफोन आधीच पुढे येऊन बसला. पुलापलीकडे मिंचो दाराशी उभा होता, हातात बायकोनं बांधून दिलेली बानित्सा, चीज भरून भाजलेली. पुढच्या सीटकडे त्यानं पाहिलं, नाही म्हणून मान वर उडवली, आणि मागचं दार उघडून शाफ्टजवळ उलट्या बादलीवर जाऊन बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस.

"मिंचोदादा, पुढे तिघं मावतो आपण," मी म्हटलं.

"मी लोखंडाबरोबर बरा आहे. लोखंड वेळेवर येतं."

त्रिफोन खिडकीबाहेर बघत राहिला. घाटात वळणं सुरू झाली तशी मागे बादली सरकायची, मिंचो शिव्या घालायचा. एका वळणावर जोरात काहीतरी आपटलं.

"नेव्याना," त्रिफोन हळूच म्हणाला, "जरा सावकाश घे."

"शाफ्टला काही होणार नाही, बांधलाय मी."

"शाफ्टसाठी नाही म्हणत."

मी गाडी सावकाश घेतली.

पंपघर म्हणजे ओढ्याकाठची एक बुटकी खोली. आत एक पंप चालू होता, दुसरा उघडा पडलेला. यास्नानं टेबलावर वर्तमानपत्र पसरून डब्यातले तुकडे ओतले. शाफ्ट आम्ही दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "हं. बघा."

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. त्रिफोननं चष्मा लावला आणि एक एक तुकडा उचलून, कडा जुळवून, शाफ्टच्या डाव्या पट्ट्यावर बसवायला लागला. फुटलेली बशी जोडावी तसा. मिंचो पाहत राहिला. दहा मिनिटांनी न राहवून त्यानंही एक तुकडा उचलला.

"तो तिथला नाही," त्रिफोन म्हणाला. कोणाकडेही न बघता.

"मग कुठला?"

"खालचा. कडेचा रंग बघ."

मिंचोनं खाली लावून पाहिला. बसला.

अकरा वर्षांनी ते बोलले ते एवढंच. मी आणि यास्नानं एकमेकींकडे पाहिलं, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

सगळे तुकडे बसले तेव्हा त्रिफोननं ते पुन्हा एक एक करून उलटे केले, त्याच क्रमानं. आणि उलट्या बाजूला एक गोष्ट दिसली. जिथं थर नीट धरला होता तिथं तुकड्याच्या पाठीला लोखंडाचे बारीक कण चिकटून आले होते. पण मधे चार ठिकाणी पाठ स्वच्छ, गुळगुळीत. चार लांबट डाग, एकाशेजारी एक. तिथं थर चिकटलाच नव्हता. नुसता पडून होता.

"हे माझ्या चाकानं होत नाही," मिंचो म्हणाला.

"नाही," त्रिफोन म्हणाला. "आणि थंडीनंही नाही. थंडीनं सगळाच सुटला असता."

"मग हवा. तुझ्या कॉम्प्रेसरमधून तेल येतंय. ब्लास्टिंगच्या हवेत तेलाचे थेंब आले की असे डाग पडतात. लायपझिगच्या कारखान्यात कामाला होतो तेव्हा मी पाहिलंय."

त्रिफोननं विचार केला. "फिल्टर जुना आहे खरा."

"किती जुना?"

"तू गेलास तेव्हाचा."

"मग झालं तर!"

आणि दोघांच्याही चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. अपराधी सापडला होता, आणि तो त्या दोघांपैकी कोणी नव्हता. मिंचो कॉम्प्रेसरबद्दल बोलायला लागला, त्रिफोन मान डोलावत होता. यास्नानं वही काढली.

मी त्या चार डागांकडे बघत होते. मधले दोन लांब, कडेचे दोन आखूड. शाफ्ट उचलायचा आमचा चेनब्लॉक ऑक्टोबरपासून बिघडलेला होता. लहान कामांना त्याची गरज पडत नाही. पण हा शाफ्ट ब्लास्टिंगनंतर आम्ही दोघांनी हातानं उचलून आमच्या बूथमधल्या, शाफ्ट नुसता फिरवायच्या लेथवर चढवला होता, दोन्ही वेळा. त्रिफोन उजवीकडे, मी डावीकडे. उजवं टोक लांब आहे, तिथं टेप लावलेल्या भागाला धरता येतं. डावं टोक वीतभरच. माझी बोटं पट्ट्यावर जात होती. ब्लास्टिंग केलेल्या धातूला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण माझ्या हातात धुतलेले सुती हातमोजे होते. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि हातमोज्यांच्या आत मलम होतं. हिवाळ्यात धुळीनं आणि गारठ्यानं माझ्या बोटांना भेगा पडतात. नोव्हेंबरात माझ्या मुलीनं श्टुटगार्टहून एक ट्यूब पाठवली होती. फार छान मलम. लावलं की पाणीसुद्धा हातावर ठरत नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. आधी वाटलं, गप्प बसावं. मलम लावणं सोडलं की झालं. शाफ्ट टिकला असता, कॉम्प्रेसरला नवा फिल्टर आला असता, त्यानंही काही बिघडलं नसतं. हे दोघं बोलायला लागले होते ते बोलत राहिले असते. माझ्या गप्प बसण्यानं कोणाचंही नुकसान नव्हतं. मग मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की यास्ना वहीत 'कॉम्प्रेसर' लिहीत होती, आणि माझी मान तापली होती.

"लिहू नका," मी म्हटलं. "ते डाग माझ्या बोटांचे आहेत."

मी उठून शाफ्टपाशी गेले आणि डाव्या पट्ट्यावर, न टेकवता, हात धरला. चार बोटं, चार डाग. बोटावर बोट.

"हातमोजे नव्हते?" त्रिफोननं विचारलं.

"होते. आत मलम होतं."

"कसलं मलम?"

ट्यूब माझ्या कोटाच्या खिशातच होती. त्रिफोननं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "जर्मन आहे. इथं कोणाला..." तो थांबला. इथं जर्मन फक्त मिंचोला येत होतं. दोन सेकंद तो तसाच उभा राहिला आणि मग त्यानं हात पुढे केला. "वाच."

मिंचोनं वाचलं. ओठ हलवत, बोट फिरवत. मग मान वर केली.

"सिलिकॉन तेल."

"अरे देवा," त्रिफोन म्हणाला.

"अर्धी ट्यूब सिलिकॉन तेल! नेव्याना, अगं, हे तव्याला लावतात! अंडं चिकटू नये म्हणून!"

"वीस वर्षं!" त्रिफोन सुरू झाला. "वीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतोय, ब्लास्टिंगनंतर हात नाही! माशी बसू द्यायची नाही त्यावर!"

"तीन महिने आम्ही एकमेकांच्या नावानं खडे फोडतोय..."

"आणि ही मधे निरोप घेऊन फिरतेय! तोंड मिटून!"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलंच.

यास्नानं वही मिटली. "झालं ओरडून? ती बोलली नसती तर तुम्ही अजून एक वर्ष त्या फिल्टरची पूजा करत बसला असतात. आता मला तारीख सांगा."

मिंचोला काहीतरी आठवलं आणि तो साडूकडे वळला. "एक मिनिट. हिनं हातानं का उचलला? चेनब्लॉक कुठं गेला?"

त्रिफोननं खाली पाहिलं. "बिघडलाय."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"ऑक्टोबर! काय तुटलंय?"

"आतलं दातेरी चाक धरत नाही."

"त्याचा खटका गेला असणार. माझ्याकडे दोन पडून आहेत. आपण तो एकत्र घेतला तेव्हाचे." तो माझ्याकडे वळला. "नेव्याना, डोळे पूस. ह्यानं चेनब्लॉक दुरुस्त केला असता तर तू हात लावलाच नसतास. चूक तुझी आहे, पण सगळी तुझी नाही. चल, बानित्सा खा, गार होतेय."

आम्ही चौघांनी त्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कोपऱ्यावर बानित्सा खाल्ली. चीज जरा खारट झालं होतं. त्रिफोननं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "थोरलीच्या हाताला अजून तीच चव आहे."

गुरुवारी सकाळी मिंचो पूल ओलांडून आमच्याकडे आला. पायी, खिशात खटका घेऊन. दारात क्षणभर थांबला. भिंतीवर त्याची जुनी हत्यारं टांगायचे खिळे तसेच होते. त्यानं ते पाहिले, टोपी त्यातल्याच एकाला अडकवली, आणि शिडी मागितली. तासाभरात चेनब्लॉक चालू झाला.

शाफ्टचा जुना थर त्यानं आदल्याच दिवशी काढून पाठवला होता. मी ट्यूब घरी ठेवून आले होते. हात तीनदा साबणानं धुतले, नवे हातमोजे घातले, आणि ब्लास्टिंग केलं. माझ्या डोक्यावर दोन म्हातारे उभे.

"नोझल सरळ धर."

"सरळच आहे तिचं. तू तिरका उभा आहेस."

"तुम्ही दोघं बाहेर जाता का?" मी म्हटलं. गेले नाहीत.

शाफ्ट साखळीनं उचलून लेथवर चढवला. कोणाचंही बोट लागलं नाही. आम्ही बूथचं दार लावलं, कानांवर आवरणं चढवली आणि काळ्या काचेमागे उभे राहिलो. मिंचोनं हे काम अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. पूर्वीही क्वचितच. त्याचं मशीन दुसऱ्या खोलीत असायचं.

त्रिफोननं गॅस सोडला आणि कळ दाबली. विमान डोक्यावर येऊन उभं राहावं तसा आवाज झाला. काचेपलीकडे गनच्या तोंडाला बोटभर पांढरी ज्योत, तिच्याकडे काचेतूनही नीट बघवत नाही. शाफ्ट फिरतोय, गन डावीकडून उजवीकडे जाते, परत येते. आधी निकेलचा पातळ थर, मग वरचा कडक. त्याची भुकटी हिरवीगार असते, आणि बसते ती काळी होऊन. थर कागदाइतका, मग दोन कागदांइतका. त्रिफोन एका डोळ्यानं तापमान बघतो, दुसऱ्यानं ज्योत. बोलायचं असेल तर थोडा वेळ एक कान उघडा करून ओरडायचं.

या वेळी उजवा पट्टा आधी घेतला होता, तो पुरा झाला. डावा निम्म्यावर आला आणि ज्योतीचा रंग एकदम बदलला. भुकटी यायची थांबली होती. त्रिफोननं झटकन हातोड्याच्या लाकडी दांड्यानं नळीला तीन ठोके दिले. काही नाही. पुन्हा तीन, जरा वर. हिरवी रेघ पुन्हा झोतात शिरली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बंद करून साफ का नाही केलीस?" मिंचो ओरडला.

"बंद केलं की थर गार होतो! धूळ बसते! वर चढवलेला पुढे धरत नाही!"

"मग काय करायचं?"

"सगळा काढायचा! पुन्हा खड्यांपासून!"

मिंचो काचेकडे बघत राहिला. मग पुन्हा आवरण बाजूला केलं. "त्या दिवशीही असंच झालं होतं?"

गन आणखी चार वेळा इकडून तिकडे गेली. थर पुरा झाला, त्यानं कळ सोडली, आणि एकाएकी इतकी शांतता झाली की नळातलं पाणी टपकताना ऐकू आलं.

"असंच झालं होतं," तो म्हणाला. "पण त्याचा आधार मी घेणार नाही. मधेच थांबता येत नव्हतं, हे खरं. पण सुरू कशाला केलं? रोलर सोमवारपर्यंत पडून राहिला असता तर गिरणी बुडाली नसती. मला वाटलं, दोन तासांत उरकेन आणि ऐटीत येऊन उभा राहीन. थांबलो नाही यात चूक नव्हती, साडूभाऊ. सुरू केलं ती चूक."

"अकरा वर्षांत हे एकदा येऊन सांगायला काय झालं होतं?"

"तू दार उघडलं असतंस?"

मिंचोनं विचार केला. त्याची विचार करायची पद्धत अशी, की खोटं बोलायचं नसलं की तो नाकाचा शेंडा चोळतो. "पहिली दोन वर्षं नाही. नंतर उघडलं असतं."

"तेव्हा वाटलं, आता फार उशीर झाला."

"तुझं हे नेहमीचंच," मिंचो म्हणाला. "उशीर." पण त्यात धार नव्हती.

शाफ्ट गार व्हायला दोन तास लागतात. फुंकर मारून, पाणी टाकून चालत नाही, आपापला गार होऊ द्यावा लागतो. मी कॉफी केली. ते दोघं बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. मिंचोनं सांगितलं, की कालिना वार्नाला असते, तिला दोन मुलं, थोरली मुलगी नऊ वर्षांची, फार प्रश्न विचारते. त्रिफोननं तिचं नाव विचारलं. त्याला ते माहीत होतं. त्याच्या बायकोनं दर शनिवारी येऊन सांगितलं होतं. पण त्यानं विचारलं आणि मिंचोनं सांगितलं.

शुक्रवारी मिंचोनं ग्राइंडिंग केलं. त्रिफोन तिथं गेला आणि दिवसभर त्याच्या मानेवर श्वास टाकत उभा राहिला, असं मिंचोनंच मला सांगितलं. सोमवारी शाफ्ट पंपात बसला. आम्ही तिघंही वर गेलो होतो. यास्नानं पंप चालू केला, पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. तसं गळावंच लागतं, नाहीतर दोरी जळते. पण किती गळावं यावर साडवांचं लगेच जुंपलं.

"जास्त घट्ट केलंय. सैल करा."

"सैल करून गावाला आंघोळ घालायचीय का?"

यास्नानं घड्याळ लावून थेंब मोजले, नट पाव फेरा फिरवला आणि दोघांनाही बाहेर जायला सांगितलं.

मे महिन्यात कालिना माहेरी आली. मिंचोनं मला निरोप दिला, शेवटचा म्हणायला हरकत नाही: त्याला सांग, रविवारी ती घरी आहे. त्रिफोन गेला. पांढरा शर्ट घालून, बायकोला घेऊन, सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. दार कालिनानंच उघडलं. त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं, की पोरीनं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं, मिठी वगैरे मारली नाही, आणि म्हणाली, "आत या मावसा. कॉफी ठेवते. पण मी अजून रागावलेली आहे." त्रिफोन म्हणाला, "असणारच. मी बसतो." तो दोन तास बसला. थोरल्या नातीनं त्याला विचारलं, सूर्य जास्त गरम की तुमची बंदूक? त्यानं खरं उत्तर दिलं, बंदूक, आणि ते तिला पटलं नाही.

वर्कशॉप पुन्हा एक झालं नाही. मशीनं हलवायचं दोघांचंही वय राहिलं नाही. पण मिंचो आता आठवड्यातून दोनदा पूल ओलांडतो, आणि त्रिफोन दोनदा. भांडतात. पूर्वी भांडणाला वाट माझ्यातून होती, तेव्हा मी त्यातलं बरंच गाळून टाकायचे. आता गाळणी नाही, त्यामुळे आवाज जास्त होतो. मला व्हॅन चालवणं आणि ब्लास्टिंग एवढंच उरलंय. ते मला पुरतं.

परवा यास्नानं पंप तपासायला उघडला. दीड वर्ष झालंय. तिनं फोनवर कळवलं, की दोन्ही पट्टे ठीक आहेत, झीज मायक्रोमीटरवर जेमतेम दिसतेय, आणि आता तिच्या दुसऱ्या पंपघरातला एक शाफ्ट पाठवू का. मी म्हटलं, पाठवा.